तीन हजारांचं बजेट, फ्लाय बांधायचा व्हाइस आणि टेबल नसलेलं घर

प्रकरण माझ्या भाच्याचं आहे. गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. घरची धानाची शेती आणि गावाला लागून कोहळी समाजाने बांधलेला जुना मालगुजारी तलाव, म्हणजे आपल्या बोलण्यातला मामा तलाव. तलावातली मासेमारी मत्स्य सहकारी संस्थेकडे आहे. संस्थेची परवानगी घेऊन हा तिथे हौसेने फ्लाय फिशिंग करतो, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली आमिषाने, फ्लायने, मासे धरतो. मरळीसाठी मोठे स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारखे दिसणारे बुडते फ्लाय, आणि बेडकासारखे तरंगते फ्लाय, चिलापीसाठी बारीक. रॉड आठ वेटचा (हा रॉडच्या ताकदीचा नंबर), जुना, ओळखीतून घेतलेला. फ्लाय मात्र विकतचे. मरळ राहते ती शेवाळात, कमळाच्या देठांत, बुडालेल्या झुडपांत, त्यामुळे फ्लाय अडकून तुटणार हे धरूनच चालावं लागतं. एका सकाळी दोन-चार गेले की तेवढ्या पैशात बाजारातून मरळच घेऊन घरी आलो असतो, असा हिशेब होतो.

म्हणून फ्लाय घरीच बांधायचे ठरलं. धान कापून-मळून झाल्यावर हाताशी वेळ असतोच. सगळं मिळून बजेट तीन हजार. त्यात व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा), बॉबिन (धाग्याचं रीळ धरणारी नळी), कात्री, धागा आणि गळ बसवायचे. त्याने मला फोनवर एका व्हाइसचा फोटो पाठवला. चकचकीत, खाली चौकोनी बेस, मागे डोकं फिरवायचं हँडल, म्हणजे रोटरी. किंमत २,६०० रुपये.

"मामाजी, रोटरी हाय, बेस हाय, आन तीन हजाराच्या आत हाय. अजून काय पायजे?"

मी त्याला उलटा प्रश्न केला. हा ठेवणार कुठे?

प्रश्न त्याला फालतू वाटला. बेस असलेला व्हाइस आहे, कुठेही ठेवता येईल, त्यात विचारायचं काय? पण माझ्या मते व्हाइसची निवड तिथूनच सुरू करावी लागते. व्हाइसचं काम एकच: गळ घट्ट धरून ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात धागा आणि पिसं सांभाळायला मोकळे. धाग्याला ताण दिला की तो ताण गळातून जबड्यात, जबड्यातून दांड्यात आणि दांड्यातून खाली जिथे व्हाइस उभा आहे तिथे जातो. या साखळीत सगळ्यात ढिली कडी जी असेल तेवढाच व्हाइस चांगला. आणि खेड्यातल्या घरात ही ढिली कडी बहुतेक वेळा खालचीच असते.

उभं करायच्या रीती मुख्यतः दोन. पहिली सी-क्लॅम्प: टेबलाच्या कडेला खालून स्क्रू आवळायचा, मग टेबलाचं वजन तेच व्हाइसचं वजन. दुसरी पेडेस्टल: जड लोखंडी पाटीत दांडा बसवलेला, उचलून नेता येणारा. शहरातल्या माणसाला क्लॅम्प सोपा पडतो, कारण त्याच्याकडे अभ्यासाचं किंवा कॉम्प्युटरचं टेबल असतंच. भाच्याच्या घरी काय आहे ते आम्ही फोनवरच एकेक करून पाहिलं.

एक सनमायका लावलेलं टेबल आहे, टीव्ही त्यावरच. त्याच्या कडेला खालून चारेक इंचांची उभी पट्टी आहे. क्लॅम्पचा जबडा साधारण दोन इंच उघडतो, त्यामुळे पट्टीवर तो चढतच नाही. सैपाकघरातला ओटा कडप्प्याचा. दगडाच्या कडेला स्क्रू आवळला तर कड उडते, शिवाय त्या जागेवर हक्क माझ्या बहिणीचा. पायाने चालवायच्या शिलाई मशीनची फळी जाडीला नेमकी, क्लॅम्प तिला छान बसतो. पण बिजागरीवरची फळी हलते आणि लग्नसराईत मशीन दिवसभर चालू असते. बाज, दिवाण, प्लास्टिकच्या खुर्च्या, यांत क्लॅम्प लावण्याजोगी कड नाही.

उजेडाचंही पाहावं लागतं. सकाळी सपरीत, म्हणजे पडवीत, ऊन येतं, तिथे बसून काम होईल. संध्याकाळी आत, बल्बखाली. वीज गेली की चार्जिंगच्या दिव्यापाशी. म्हणजे जागा दिवसातून दोन-तीनदा बदलणार. या सगळ्यावरून उत्तर पेडेस्टलचंच निघतं, नाही का? भाचा तेच म्हणाला, आणि इथवर तो बरोबरच होता.

अडचण त्या २,६०० रुपयांच्या पेडेस्टलमध्ये होती. विक्रेत्याने बेसचं वजन ९०० ग्रॅम दिलं होतं आणि माप दहा सेंटीमीटर चौरस. आता हिशेब करा. दांडा बेसच्या मधोमध धरला तर मध्यापासून कडेपर्यंत पाच सेंटीमीटर. गळ बेसपासून अंदाजे अठरा सेंटीमीटर उंच. आडवा ताण किती दिला की बेस उलटायला लागेल? ९०० गुणिले ५ भागिले १८, म्हणजे २५० ग्रॅम. मरळीच्या स्ट्रीमरवर केसांचा झुपका आवळायला आपण २१० डेनियरचा जाड धागा घेतो. तो यापेक्षा कितीतरी जास्त ताण सोसतो आणि तेवढा द्यावाही लागतो, नाहीतर केस गळावर गोल फिरतात. म्हणजे धागा तुटायच्या कितीतरी आधी व्हाइस मांडीवर येणार. चिलापीच्या बारीक फ्लायला हा बेस चालला असता. ज्या फ्लायसाठी हा सगळा खटाटोप, त्याला नाही.

पेडेस्टल वाईट असतो असं मी म्हणत नाही. जड पेडेस्टल उत्तमच. पण जड लोखंड पैसे खातं, कुरिअरचं भाडंही खातं. तीन हजाराच्या आत बेस, रोटरी आणि जबडा असं तिन्ही देतो म्हणणाऱ्याने कुठेतरी हात आखडलेला असणारच. वजनात आखडला असेल तर ते तराजूवर दिसतं. जबड्याच्या पोलादात आखडला असेल तर ते दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं पडलं: पैसा जबड्यात घाल. बुड आपण गावात करून घेऊ. बुडासाठी लागतं ते लोखंड किंवा लाकूड तालुक्याला पडीक मिळतं, आणि ते कापणारा, जोडणारा माणूसही तिथेच असतो. कडक केलेला, बारीक टोकाचा, दोन्ही बाजूंनी सारखा मिटणारा जबडा मात्र वेल्डिंगच्या दुकानात होत नाही.

दुसरा पर्याय होता सी-क्लॅम्पचा साधा, न फिरणारा व्हाइस, १,६५० रुपयांचा. मागे लिव्हर, पुढे नळीतून बाहेर आलेला जबडा. लिव्हर खाली दाबली की जबडा मागे नळीत ओढला जातो आणि नळीच्या निमुळत्या तोंडामुळे मिटतो. ही घडण जुनी आहे. असे व्हाइस भारतात बनून परदेशातल्या शिकाऊ किटमध्येही जात आले आहेत. तिकडचे मुरलेले लोक त्यांना नाक मुरडतात, आणि ते उगीच नाही: काहींचा जबडा मऊ निघतो, काहींचा वाकडा. पण चांगला निघाला तर काम वर्षानुवर्षं देतो, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच.

भाच्याचं मन रोटरीवरून निघेना. नागपूरच्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की घ्यायचा तर रोटरीच. सांगणारा खोटं बोलत नव्हता. खऱ्या रोटरीत गळाचा सरळ भाग बरोबर फिरण्याच्या आसावर येतो. हँडल फिरवलं की गळ जागच्या जागी गरगरतो आणि धागा किंवा पीस आपोआप गुंडाळलं जातं. चेनिलच्या, म्हणजे मखमली दोऱ्याच्या, लांब अंगाचे डझनभर फ्लाय बांधायचे तर वेळ बराच वाचतो. फ्लायची पलीकडची बाजू पाहता येते, हा दुसरा फायदा. पण स्वस्तातल्या कित्येक व्हाइसवर रोटरी लिहिलेलं असतं ते एवढ्यासाठीच की त्यांचं डोकं फिरतं. आस जुळलेला नसतो. फिरवलं की गळाचं नेढं हवेत वर्तुळ काढतं. अशा व्हाइसवर पलीकडची बाजू पाहता येते, गुंडाळता येत नाही. वर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, ढिली असली तर न फिरवताही डोकं डुगडुगतं. त्याने विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवला. नेढ्याने चांगलं चिंचोक्याएवढं वर्तुळ काढलं, आणि वाद तिथे मिटला.

मग खालच्या बुडाचा विचार. माझी पहिली सूचना लोखंडाची होती: १५ बाय २० सेंटीमीटर, १० मिलिमीटर जाडीची पाटी. लोखंडाची घनता धरून तिचं वजन दोन किलो ३५० ग्रॅमच्या आसपास येतं. वरच्याच हिशेबाने, अरुंद बाजूलाही ती जवळजवळ एक किलोच्या ताणापर्यंत उलटत नाही. २५० ग्रॅमच्या चौपट. पाटीला उभा तुकडा पाइप वेल्ड करायचा, पाइपला आडवं भोक पाडून नट-बोल्ट, त्यात व्हाइसचा दांडा. बऱ्याच व्हाइसचे दांडे तीन-अष्टमांश इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे असतात, पण स्वस्त मालात त्यावर विसंबू नये, व्हर्निअर लावूनच पाइप निवडावा.

वेल्डिंगवाला तयार होता, पण त्याच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग. "पुढच्या हप्त्यात या" हे दोनदा ऐकून झालं. दरम्यान माझ्या बहिणीने आमचं बोलणं ऐकलं होतं. ती म्हणाली, "त्याले पाटाले कस ना. मी इळीवर बसतो तसा बस. पाय ठेव त्याच्यावर, कोटी जाते मंग?"

खरंच की. विळीला कुठे जड बेस असतो? पाटावर पाय आला की माणसाचंच वजन तिच्या कामी येतं. क्लॅम्पचा व्हाइस फळीला लावायचा, फळीच्या दुसऱ्या टोकावर पाय ठेवायचा. लोखंड नको, वेल्डिंग नको.

त्याने घरातल्या जुन्या दाराच्या सागवानी फळीवर हे करून पाहिलं आणि दोन अडचणी लगेच समोर आल्या. क्लॅम्पचा स्क्रू आणि त्याची आडवी मूठ फळीच्या खाली अडीच-तीन इंच लोंबते, त्यामुळे फळी जमिनीवर सपाट बसत नाही. खाली रिपा ठोकून ते भागलं. दुसरी अडचण मानेची. रिपा, फळी आणि दांडा मिळून गळ जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच आला. भाजी चिरताना नजर खाली असली तरी चालते, कारण चार वांगी चिरून माणूस उठतो. फ्लायच्या नेढ्याशी धाग्याचे फेरे मोजत बसायचं तर गळ छातीच्या उंचीला हवा. अर्धा तास वाकून बसल्यावर त्याची मान धरली.

फळी वर न्यायची तर पाय ठेवता येत नाही. पाय ठेवायचा तर मान जाते. सुतार घरी आला होता खिडकीच्या कामाला, त्याने ही कोंडी चहा पिता पिता सोडवली: चौरंग करा. त्याच सागवानातून वरची फळी एक इंच जाड, अठरा बाय चौदा इंच. उंची नऊ इंच. नेहमीच्या चौरंगाला फळीखाली चारी बाजूंनी पट्टी असते. इथे समोरच्या बाजूची पट्टी मुद्दाम काढली आणि समोरचे पाय कडेपासून चार इंच आत घेतले, म्हणजे क्लॅम्पला कड मोकळी. पाय थोडे बाहेर फाकवले. मांडी घालून बसलं की गुडघे चौरंगाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि तो आपसूक दाबून धरला जातो. विळीची अक्कल वाया गेली नाही, फक्त जागा बदलली.

इथे एक बारकावा. सागवान फारसं दबत नाही, पण क्लॅम्पचा स्क्रू रोज त्याच जागी आवळला की खड्डा पडतोच आणि मग पकड ढिली होते. स्क्रूच्या तोंडाखाली जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा ठेवला तर लाकूडही वाचतं आणि क्लॅम्प सरकतही नाही.

आता जबडा, कारण पैसे त्याच्यासाठी मोजले होते. पार्सल उघडताना त्याने मोबाइलवर व्हिडिओ केला, ही माझी अट होती. परत पाठवायची वेळ आली तर तोच पुरावा. मग तपासणी, त्याच्या आयटीआयच्या मित्राच्या देखत. मित्राने कानशी घेतली आणि जबड्याच्या मागच्या बाजूला, जिथे गळ येत नाही तिथे, हलकी ओढून पाहिली. कानस घसरली, पोलादाला धरली नाही. म्हणजे जबडा कडक केलेला आहे. मऊ जबड्यावर कानस लगेच चावते, भुसा पडतो. गळाची तार स्वतः कडक असते. मऊ जबड्यात तिची खाच पडते आणि मग त्या खाचेपेक्षा बारीक गळ धरलाच जात नाही.

नंतर जबडा रिकामा मिटून उजेडासमोर धरला. टोकाशी फट दिसली नाही, पण एक ओठ दुसऱ्यापेक्षा केसभर पुढे होता. मित्राला तो घासून सारखा करायचा मोह झाला. मी नको म्हटलं. केसभराने काही अडत नाही आणि कडक केलेलं टोक घासताना तापलं तर त्याचा कडकपणा जातो.

खरी परीक्षा गळाची. दहा नंबरचा बारीक गळ वाकाच्या खालच्या भागात धरून नेढ्यावर बोटाने टिचकी मारली. स्वच्छ आवाज आला, गळ हलला नाही. मग १/० चा जाड गळ. ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी: साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि शून्याच्या मापात आकडा वाढला की मोठा. १/० हा दहापेक्षा खूपच मोठा. भाच्याने जबड्याची मांडणी दहा नंबरचीच ठेवून लिव्हर दाबायला घेतली. ती अर्ध्यावर अडली आणि तो जोर लावायला लागला. व्हाइस मोडतात ते असेच. लिव्हरची चाल ठरावीक असते. तार जाड झाली की आधी मागचं चाक सैल करून जबडा पुढे सोडायचा, गळ ठेवायचा, आणि लिव्हर शेवटच्या टप्प्यात जराशी घट्ट लागेल एवढंच चाक आवळायचं. जोर लिव्हरवर नाही, मांडणीत. मांडणी नीट केल्यावर १/० चा गळ नेढ्याशी धरून खाली दाबला. तार वाकली, पण जबड्यातून निसटली नाही. यापेक्षा जास्त अपेक्षा या किमतीत ठेवू नये. २/० चा गळ मात्र जबड्यात हळूहळू फिरायला लागतो, ही या व्हाइसची हद्द. मरळीला २/० वाचून अडत नाही.

जमाखर्च असा: व्हाइस १,६५०, चौरंगाची मजुरी ३५०, लाकूड घरचं. उरलेल्या हजारात बॉबिन, टोकदार कात्री, दोन रिळं धागा आणि गळाची पाकिटं बसली. हॅकल प्लायर्सऐवजी, म्हणजे पीस धरून गुंडाळायच्या चिमट्याऐवजी, सध्या कपड्याचा लहान चिमटा चालतो. व्हिप फिनिशर या हत्याराने मारतात ती शेवटची गाठ त्याने बोटांनी मारायला शिकून घेतली, त्यामुळे तेही पैसे वाचले.

पिसांना तर पैसेच लागले नाहीत. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं मऊ, रुंद आणि पाणी धरणारी असतात. तरंगत्या ड्राय फ्लायला ती तितकीशी चांगली नाहीत, बुडणाऱ्या फ्लायला आणि स्ट्रीमरला एकदम योग्य. परदेशातले फ्लाय बांधणारे 'इंडियन नेक' म्हणून हाच माल विकत घेत आले आहेत. शेजारी रविवारी कोंबडा कापला की मान आमच्याकडे येते. कातडी साफ करायची, मीठ लावून वाळवायची, डबाबंद करायची आणि सोबत डांबर गोळी, नाहीतर पिसांत कीड पडते. हरणाचे केस परदेशी पुस्तकांतल्या प्रत्येक दुसऱ्या फ्लायमध्ये असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्याने तर जंगलात पडलेल्या कशालाही त्यासाठी हात लावू नये. शेळीच्या शेपटीचे लांब केस स्ट्रीमरला तितकेच छान लहरतात.

पावसाळ्यात काय होईल ते अजून पाहायचं आहे. तिकडच्या दमट हवेत कच्चं लोखंड चार दिवसांत लाल होतं. लिव्हरच्या कॅमला, म्हणजे ती जिथे घासत फिरते त्या भागाला, आणि क्लॅम्पच्या स्क्रूला शिलाई मशीनचं तेल द्यायला सांगितलं आहे, आणि जबड्याच्या आतल्या ओठांवर ते आलं तर फडक्याने कोरडं पुसायला. तेलकट ओठात गळ कितीही आवळला तरी फिरतो.

लोखंडी पाटीचं काम आम्ही रद्द केलं नाही. इटियाडोह धरणाकडे मुक्कामाला जायचं तर चौरंग मोटरसायकलवर नेता येत नाही, पाटी पिशवीत जाते. दांड्याचं माप घेऊन झालं आहे, पाइपचा तुकडाही भंगारात मिळाला. ट्रॉल्यांची रांग संपली की वेल्डिंगवाला दोन टाके मारून देईल. रोटरीचा विषय भाच्याने परवा पुन्हा काढला. मी म्हटलं, एकाच जातीचे डझनभर फ्लाय एका बैठकीत बांधायची वेळ येऊ दे, मग आस जुळलेला घेऊ, आणि तोही नुसत्या डोक्याचा. बुड आपल्याकडे आहेच.